उणे नऊ अंशांचा धसका

वाचकाचे पत्र, थोडक्यात

आम्ही ठाण्याचे. माझ्या पतीची कंपनी त्यांना अमेरिकेत पाठवत आहे आणि मिनियापोलिस, सिएटल व डॅलस या तीन कार्यालयांपैकी एक निवडण्याची मुभा तिने दिली आहे. ऑगस्टमध्ये निघायचे आहे. काम म्हणून यांना मिनियापोलिस सर्वांत पसंत आहे, घरभाडेही तिथे सिएटलपेक्षा बरेच कमी. पण मी तिन्ही शहरांच्या जानेवारीतील सरासरी तापमानाचा तक्ता केला: मिनियापोलिस उणे ९ अंश सेल्सियस, सिएटल ६, डॅलस ८. उणे नऊ वाचूनच धडकी भरली. न्यू जर्सीत राहणारी माझी नणंद म्हणते, डॅलसला जा, तिथे हिवाळाच नसतो. मला सिएटल हा मधला मार्ग वाटतो, कारण पाऊस आम्हाला नवा नाही. (सलग चार दिवस ऊन पडले नाही की मी मलूल होते, हे खरे; पण तेवढे चालायचेच.) मुलगी सहा वर्षांची आहे. मला गाडी चालवता येत नाही, तिथे गेल्यावर शिकेन. सासूबाई सहा महिने राहायला येणार आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. यांपैकी कोणत्या शहराचा हिवाळा आम्हाला सोसवेल?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तक्त्यातले आकडे बरोबर आहेत. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीशी ते जुळतात, आणि अमेरिकेत हवामानाची तुलना करताना सध्या हीच सरासरी प्रमाण मानली जाते. माझी शंका वेगळी आहे. त्याच तक्त्यात सिएटल आणि डॅलस यांच्यात अवघा दोन अंशांचा फरक दिसतो, म्हणजे तक्त्यावर विसंबायचे तर ही दोन शहरे हिवाळ्यात जवळजवळ सारखीच मानावी लागतील. प्रत्यक्षात डॅलसमध्ये जानेवारीची दुपार साधारण १४ अंशांची आणि बहुधा उन्हाची असते. उत्तरेकडून वारे सुटले की तेच तापमान एका रात्रीत गोठणबिंदूखाली उतरते आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा वर चढते. सिएटलमध्ये पहाटे ३ आणि दुपारी ९ असा मोजका चढउतार, वर राखाडी आभाळ, आणि असे आठवडेच्या आठवडे. जो आकडा या दोन शहरांतला भेद दाखवू शकत नाही, त्याच आकड्याच्या भरवशावर तुम्ही तिसरे शहर यादीतून काढायला निघाला आहात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रातली दोन वाक्ये मला त्या तक्त्यापेक्षा महत्त्वाची वाटली. दोन्ही तुम्ही जाता जाता लिहिली आहेत आणि त्यांतले एक तर कंसात टाकले आहे. ऊन नसले की तुम्ही मलूल होता, आणि तुम्हाला गाडी चालवता येत नाही. अमेरिकेतला हिवाळा तुम्हाला कसा जाईल हे उणे नऊपेक्षा या दोन गोष्टी जास्त ठरवतील.

आधी सिएटलचे पाहू, कारण तो मधला मार्ग आहे असे तुम्ही धरून चालला आहात. तिथे वर्षभरात साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैमध्ये सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला जातो. तेव्हा पावसाच्या प्रमाणाबद्दल ठाणेकरांनी घाबरावे असे सिएटलमध्ये काही नाही, इतके तुमचे म्हणणे रास्त आहे. मात्र आपल्याकडचा पाऊस कोसळतो आणि उघडतो, शिवाय तो मोठ्या दिवसांच्या ऋतूत येतो. सिएटलमध्ये सर्वाधिक पाऊस नोव्हेंबर ते जानेवारीत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, रिपरिप स्वरूपात पडत राहतो. हे शहर जवळपास ४७.६ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला तिथे सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी मावळतो. दिवस जेमतेम साडेआठ तासांचा, आणि तोही बहुतेक ढगांआड. त्याच तारखेला मुंबई-ठाण्यात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. मुलगी शाळेतून येऊन दूध पिऊन होईतो बाहेर दिवे लागलेले असतील.

काही माणसांना याचे काहीच वाटत नाही. त्यांना ती हिरवाई, ते धुके, ती कॉफीची दुकाने मनापासून आवडतात आणि जुलै-ऑगस्टच्या जवळजवळ कोरड्या, रात्री नऊपर्यंत उजेड असलेल्या दिवसांनी त्यांचे सगळे उट्टे निघते. पण चार दिवसांच्या मळभाने ज्यांचा चेहरा उतरतो, त्यांनी असे दहा-बारा आठवडे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. ऋतूनुसार येणाऱ्या या उदासीनतेचे वैद्यकीय वर्णन १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. रोझेन्थल स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या लख्ख उन्हातून अमेरिकेत आलेले होते, हे तुमच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे. त्यावर उपाय आहेत: सकाळी वीस-तीस मिनिटे १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) दिव्यासमोर बसणे हा त्यांतला रुळलेला उपाय, मात्र डोळ्यांचा किंवा मनाचा आधीचा काही विकार असेल तर तो डॉक्टरांना विचारूनच करावा. सिएटल नकोच, असे माझे म्हणणे नाही. पण ‘पावसाची सवय आहे’ या एका कारणावर ते निवडू नका.

आता डॅलस. तुमच्या नणंदेचे म्हणणे बव्हंशी खरे आहे. वर्षातले फार थोडे दिवस सोडले तर तिथे साधे जाकीट पुरते, आणि थंडी हाच एकमेव निकष असेल तर मी डॅलसच सांगेन. ‘हिवाळाच नसतो’ हे मात्र तिथल्या यंत्रणांनीही मानून चालल्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये काय झाले ते माहीत असावे. १६ फेब्रुवारीला डॅलसच्या विमानतळावर उणे १९ अंश सेल्सियस नोंदवले गेले. नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रे गोठली. टेक्सासचे वीजजाळे देशाच्या इतर जाळ्यांपासून बरेचसे वेगळे असल्याने बाहेरून पुरेशी वीज घेता येईना. ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली, भिंतींमधले पाण्याचे पाइप फुटले आणि राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसे दगावली. असे दर वर्षी होत नाही. पण त्या पट्ट्यातला नेहमीचा धोका हिमाचा नसून काचेसारख्या बर्फाचा असतो. जमिनीलगत गोठवणारी हवा आणि वर तुलनेने उबदार थर अशी स्थिती आली की वरून पाणी म्हणूनच पडलेला पाऊस रस्त्यावर, फांदीवर, विजेच्या तारेवर टेकताक्षणी गोठतो. अशा वेळी सगळे घरात बसतात, शाळा बंद होतात आणि दोन दिवसांत सारे वितळते. एवढी तयारी ठेवली, म्हणजे चार दिवसांचे पाणी, कोरडे खाणे, पांघरुणे आणि पाइप गोठू नयेत म्हणून नळ थेंबथेंब चालू ठेवण्याचे भान असले, की हिवाळा निभावतो. तिथे खरी कसोटी उन्हाळ्याची: जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान सरासरी ३६ अंशांच्या आसपास असते आणि ३८ ओलांडणारे दिवसही बरेच. मिनियापोलिसकर जानेवारीत घरात बसतो, डॅलसकर ऑगस्टमध्ये. तुमच्या तक्त्याला ऑगस्टचा रकानाच नाही.

राहिले मिनियापोलिस, ज्याच्या नुसत्या आकड्यानेच तुम्हाला धडकी भरली. ते शहर थंड आहे, हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. जानेवारीत दिवसाचे कमाल तापमानही सरासरी उणे ५ च्या आसपास असते, पहाटेचे उणे १३. ३० जानेवारी २०१९ रोजी तिथे उणे ३३ झाले होते. वर्षाला सरासरी १३० सेंटिमीटर हिम पडते. तरी मी हे शहर तुमच्या यादीत ठेवेन, आणि याची कारणे थंडीत नाहीत, त्या थंडीभोवती लोकांनी जे उभे केले आहे त्यात आहेत. रात्री हिम पडले तर पहाटेपासून नांगर लावलेले ट्रक रस्ते मोकळे करू लागतात. घरमालकाने पदपथ किती वेळात साफ करायचा याचे नियम आहेत, आणि ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर झाल्यावर गाडी चुकीच्या बाजूला ठेवली तर ती उचलून नेतात. शहराच्या मध्यभागात इमारतींना दुसऱ्या मजल्याच्या पातळीवर जोडणारे बंद पूल आहेत, ‘स्कायवे’; सुमारे १५ किलोमीटरचे हे जाळे वापरून कार्यालय, बँक, दवाखाना, जेवण सगळे कोटाशिवाय करता येते. (पतींचे कार्यालय मध्यभागात आहे की उपनगरात, हे आधी विचारून घ्या. उपनगरात असेल तर या पुलांचे कौतुक तुमच्या कामाचे नाही.) आणि जिथे दोन-तीन इंच हिमाने जानेवारी २०१४ मध्ये अटलांटातल्या हजारो गाड्या रात्रभर महामार्गांवर अडकून पडल्या आणि मुलांनी शाळेतच रात्र काढली, तिथे तेवढेच हिम मिनियापोलिसमध्ये पडले तर साधारणपणे शाळेची बस थोडी उशिरा येते.

तुमच्या मलूलपणाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. तिथले कडाक्याच्या थंडीचे दिवस पुष्कळदा निरभ्र असतात, कारण उत्तर ध्रुवाकडून उतरणारी हवा जड आणि कोरडी असते. जमिनीवरच्या हिमावरून उजेड परावर्तित होतो, इतका की डोळे दिपतात. दिवस तिथेही पावणेनऊ तासांचाच, नोव्हेंबर-डिसेंबर तिथेही ढगाळ. पण जानेवारीत खिडकीशी बसले की ऊन मिळण्याची शक्यता सिएटलपेक्षा बरीच जास्त.

सहा वर्षांच्या मुलीची काळजी वाटणे स्वाभाविक आहे, पण बहुधा सर्वांत लवकर तीच रुळेल. तिथल्या अनेक शाळा शून्य फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे १८ सेल्सियसच्या, आसपास पारा जाईपर्यंत मधल्या सुट्टीत मुलांना मैदानावर पाठवतात. पहिल्या महिन्यात तुमची दमछाक तिला तयार करण्यात होईल. आधी जाड विजार, मग बूट, त्यावर विजारीची आतली लवचीक पट्टी ओढून बुटाच्या तोंडाशी बसवायची म्हणजे हिम आत शिरत नाही; मग जाकीट, गळ्याभोवतीचे कापड, टोपी, आणि सर्वांत शेवटी हातमोजे, कारण एकदा हातमोजे चढले की तिला स्वतःची चेन ओढता येत नाही. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा अंगठा तेवढा वेगळा असलेले मोजे घ्यावेत. बोटे एकमेकांना ऊब देतात. हे कपडे ठाण्याहून नेऊ नका. आपल्याकडचे लोकरीचे जाड स्वेटर वारा अडवत नाहीत, आणि वारा हाच तिथला खरा शत्रू. उणे १८ सेल्सियसला ताशी २४ किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २८ सारखे होते आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. म्हणून रोज सकाळी तापमान पाहण्याऐवजी हवामानाच्या ॲपवर ‘विंड चिल’ पाहायची सवय लावा. ठाण्याहून न्यायचेच असेल तर कोकमाचे तेल न्या. घर तापवणाऱ्या यंत्रामुळे आतली हवा इतकी कोरडी होते की आठवडाभरात टाचांना भेगा पडतात आणि नाकातून रक्त येऊ शकते.

मिनियापोलिसची खरी अडचण जानेवारी नाही, लांबी आहे. १९९१ मध्ये ३१ ऑक्टोबरपासून तिथे जे वादळ सुरू झाले त्यात ७० सेंटिमीटरहून अधिक हिम पडले. दुसऱ्या टोकाला मिनेटोंका तलावावरचा बर्फ साधारण एप्रिलच्या मध्यावर फुटतो. जानेवारीत माणूस तयारीत असतो, नवलाई असते, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दाराशी बुटांची रांग लागते आणि साडीच्या काठाला बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा पांढरा पट्टा आला म्हणून सगळ्या जणी हसतात. गुढीपाडव्याला बाहेर अजून राखाडी बर्फाचे ढीग असले की हसू येत नाही. शिकागोच्या एका उपनगरात मी काही हिवाळे काढले आहेत आणि तिथेही नव्याने आलेल्यांचा धीर सुटतो तो मार्चमध्ये, असे पाहिले आहे. म्हणून सुट्टी डिसेंबरात सगळी खर्च करू नका. मार्च अखेरीस शाळेला आठवडाभर सुट्टी मिळत असेल तर तेव्हा दक्षिणेकडे कुठे तरी जाऊन या.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येते. गाडी येत नसलेल्या माणसाचा हिवाळा आणि गाडी येणाऱ्याचा हिवाळा हे एकाच शहरातही वेगळे असतात. उणे १५ अंशांत बसथांब्यावर दहा मिनिटे मुलीबरोबर उभे राहणे जमते. पण दूध आणायला, डॉक्टरकडे जायला, दुसऱ्या मराठी कुटुंबाकडे दुपारी बसायला पतीच्या सुट्टीची वाट पाहावी लागली, तर बाहेर उणे नऊ आहे की अधिक आठ याने फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत ‘थंडीने जीव नकोसा झाला’ म्हणणाऱ्या अनेक गृहिणींशी सविस्तर बोलले की खरे दुःख घरात अडकून पडण्याचे निघते. या निकषावर डॅलस सर्वांत अवघड: लोहमार्ग आहे, पण उपनगरे इतकी पसरलेली आणि अनेक ठिकाणी पदपथच नाहीत, की गाडीवाचून किराणाही होत नाही. सिएटल त्या मानाने सोपे. मिनियापोलिस मध्ये कुठे तरी. शहर कोणतेही ठरो, शिकवणी आत्ताच ठाण्यात सुरू करा. तिकडे रस्त्याची बाजू बदलेल आणि गिअरची कटकटही नसेल, पण स्टिअरिंगची भीती इथेच मोडलेली बरी. ऑगस्टमध्ये पोहोचल्यापासून पहिल्या हिमापर्यंत साधारण अडीच-तीन महिने हातात असतील. परवाना त्या काळात मिळवणे हे माझ्या मते घर लावण्याइतकेच निकडीचे काम आहे, कारण निसरड्या रस्त्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबून पाहायची वेळ कुणावर येऊ नये.

सासूबाईंचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, कारण त्यांचे येणे तुमच्या हातात आहे. पर्यटक म्हणून आलेल्यांना साधारणतः एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. मिनियापोलिस असेल तर त्यांना मेच्या सुरुवातीला बोलवा आणि ऑक्टोबर संपायच्या आत परत पाठवा. गणपती, नवरात्र दोन्ही मिळेल. सिएटललाही तेच महिने चांगले. डॅलसचे गणित उलटे: ऑक्टोबर ते एप्रिल हा तिथला सुखाचा काळ, उन्हाळ्यात त्यांना बाहेर फेरफटकाही मारता येणार नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला थंडीपेक्षा घसरण्याचे भय जास्त असते. पडून हाड मोडले तर पाहुण्यांच्या विम्यावर अमेरिकेतला खर्च पूर्ण भागेलच असे नाही. हौसेने ‘आईंना स्नो दाखवू’ म्हणून जानेवारीत बोलावू नका.

तुमच्यासारख्याच पेचातल्या इतर वाचकांसाठी थोडे. शिकागोचे नाव वाऱ्याने बदनाम आहे, पण वर्षाच्या सरासरीत बॉस्टनचा वारा त्याहून जोराचा असतो. बॉस्टन आणि डेट्रॉइट एकाच कालविभागात (टाइम झोनमध्ये) असूनही डिसेंबरात बॉस्टनचा सूर्य सव्वाचारला मावळतो, डेट्रॉइटचा पाचच्या सुमारास. ज्यांना संध्याकाळचा उजेड हवा त्यांनी शहर आपल्या कालविभागाच्या पूर्वेकडे आहे की पश्चिमेकडे, हे पाहावे; पश्चिमेकडे घड्याळाप्रमाणे सूर्य उशिरा मावळतो. डेन्व्हरला हिम खूप पडते, पण १६०० मीटर उंचीवरच्या प्रखर उन्हात ते भराभर वितळते. बफेलोत ईरी सरोवरावरून येणारे वारे वर्षाला सुमारे २४० सेंटिमीटर हिम आणून टाकतात, तेही असे की एका उपनगरात छातीइतके आणि पलीकडच्यात नुसते शिंतोडे; तिथे घर घेताना शहराची सरासरी न पाहता वस्तीची पाहावी. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली आणि शार्लट या शहरांत गोठणाऱ्या पावसाची तयारी ठेवावी. फिनिक्सचा हिवाळा स्वर्गीय असतो, पण २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वर गेले होते.

तुम्ही थेट उत्तर मागितले आहे, तर माझा कौल सांगते. पतींना काम मनाजोगते मिळत असेल आणि तुम्ही परवान्याचे मनावर घेणार असाल, तर मिनियापोलिस. परवाना लांबणारच असेल आणि येत्या पावसाळ्यात मळभाने त्रास होत नाही असे दिसले, तर सिएटल. पहिल्या वर्षी कुठेही स्वतंत्र घर घेऊ नका. मिनियापोलिसमध्ये तापवलेले तळघर-वाहनतळ असलेली सदनिका भाड्याने घ्या, म्हणजे सकाळी काच खरवडणे नाही आणि अंगण साफ करणेही नाही. सदनिका पाहताना दिवाणखान्याची खिडकी दक्षिणेला आहे का ते विचारा, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खूप खाली असतो. तिन्ही शहरांत मराठी मंडळे आहेत. ज्यांच्या घरात लहान मूल आहे आणि जे तिथे येऊन दोन-तीनच वर्षे झाली आहेत, अशा एखाद्या कुटुंबाशी निघण्यापूर्वी बोला. वीस वर्षे राहिलेल्यांना आपला पहिला हिवाळा आठवत नाही. त्या बोलण्यात तापमान विचारू नका. फेब्रुवारीतल्या साध्या मंगळवारी सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत घरातले प्रत्येक जण कुठे असते आणि कसे जाते-येते, एवढे विचारून घ्या, आणि मग त्या दिवसात स्वतःला बसवून पाहा.